मधात एक आंघोळ अन एक झोप

चाचा शेडच्या दारात उभे राहत आणि शीळ घालत. एकच शीळ, लांब, शेवटी खाली उतरणारी. आत बाराशे कोंबड्यांचा कलकलाट चाललेला असे, तो त्या शिळेसरशी थांबे. तीन-चार सेकंद, जास्त नाही. तेवढ्यात चाचा मान तिरपी करून ऐकून घेत. कुठे शिंक आली, कुणाच्या घशात घरघर आहे, हे ते उजव्या हाताच्या पेरांवर मोजत. मग कोंबड्या पुन्हा सुरू होत आणि चाचा माझ्याकडे वळत.

पहिल्यांदा ते माझ्या शेडवर आले तेव्हा मला याचं काहीच माहीत नव्हतं. मी आपला लसीचा भाव पाडायच्या तयारीत होतो. एका कोंबडीमागे किती घेणार, बाराशेचे मिळून किती सोडणार, असं माझं चाललेलं. चाचा म्हणाले, "चूप रहा ना शेठ जरा. त्यायचं ऐकू द्या."

बार्शीटाकळीच्या रस्त्यावर मला चूप बसवणारा माणूस तोवर जन्मला नव्हता. मी सायकलवर अंडी विकत अकोल्यापर्यंत गेलेला माणूस. एकेका ट्रेवर भांडून दोन शेड उभी केली. पण चूप बसलो. त्यांनी शीळ घातली, सात पेरं मोजली आणि म्हणाले, सात आजारी हायेत. मी म्हटलं, धूळ आहे, धुळीनं माणूसही शिंकतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "धुळीची शिंक कोरडी राह्यते. ही ओली हाये." आणि आत जाऊन, त्या गर्दीतून, सातच्या सात उचलून आणल्या. प्रत्येकीच्या नाकपुडीशी चिकट पाणी होतं.

भावाचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं.

त्यांना सगळे चाचाच म्हणत. अमरावतीकडच्या एका मोठ्या अंड्यांच्या फार्मवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तो फार्म बंद पडला तेव्हा ते सासुरवाडीला, आमच्या भागात आले. डॉक्टर नव्हते. डॉक्टर म्हटलेलं त्यांना चालतही नसे. लस देणं, कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून चोची कापणं आणि ऐकणं, एवढं आपलं काम आहे असं म्हणत. जुन्या स्कूटरला एका बाजूला बर्फाचा थर्मास आणि दुसऱ्या बाजूला पिशवीत चपलांचे चार जोड. प्रत्येक फार्मचा जोड वेगळा. माझ्या फार्मचा जोड निळा होता. मी एकदा थट्टेनं विचारलं की चाचा, बायको तरी एकच आहे ना. ते म्हणाले, बायकोले सर्दी झाली तर तिच्या एकटीलेच होते शेठ.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमावरून आमचे चिक्कार खटके उडाले. माझ्या शेडच्या मागे चाळीसेक घरांची वस्ती आहे. घरोघरी चार-सहा गावरान कोंबड्या. चाचा तिथल्या कोंबड्यांच्या डोळ्यात मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, लसीचा थेंब टाकत. बाटली एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून त्या दिवशी सगळ्या बाया कोंबड्या खुराड्यातच कोंडून ठेवत आणि चाचा सकाळी एका फेरीत वस्ती उरकत. मोबदला म्हणून घरटी एक अंडं घेत. कोंबड्या दोन असोत की दहा, अंडं एकच. मी म्हणायचो, चाचा, आलाच आहात वस्तीवर तर दहा पावलांवर माझं शेड आहे, तेही पाहून जा. ते हात जोडत. "वस्तीवरून शेडमधी नाई, अन शेडमधून वस्तीवर नाई. मधात एक आंघोळ अन एक झोप."

मी चिडायचो. दहा पावलांसाठी उद्या पुन्हा पेट्रोल जाळून येणारा माणूस मला व्यवहारात मूर्ख वाटे. आता तसं वाटत नाही, पण आता वाटून काय उपयोग.

वस्तीवर त्यांचा मान होता. शेवंताबाई नावाची एक म्हातारी आहे, तोंडानं फटकळ. मुलगा सुरतेला. तिचं म्हणाल तर आठ कोंबड्या हाच सगळा संसार. एकदा तिच्या एका तांबड्या कोंबडीचे डोळे सुजून बंद झाले होते. दिसत नाही म्हणून खात नव्हती. चाचा ओट्यावर बसले, कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून त्यांनी एकेक डोळा उघडला आणि भिजवलेली ज्वारी बोटानं चारली. पाच दिवस रोज येऊन चारली. शेवंताबाई म्हणाली, "माह्या पोरानं मले असं नाई चारलं रे चाचा." ते म्हणाले, तुमचं पोरगं सुरतेत हाये आई, ही कुठं जाईन. त्या दिवसापासून त्यांच्या वाटचं अंडं ती फडक्यात गुंडाळून देऊ लागली.

आता त्या हिवाळ्याचं सांगतो.

माझ्या शेडमध्ये सर्दी शिरली. तुम्ही हा रोग पाहिला नसेल तर नुसतं सर्दी म्हटल्यावर हसाल. कोंबडीचं तोंड एका बाजूनं सुजतं, डोळा मिटतो, नाकातून पाणी येतं आणि त्या पाण्याला असा घाण वास असतो की शेडच्या बाहेर वीस पावलांवर जेवण जात नाही. मरतात कमी, पण अंडी निम्म्यावर येतात. चाचांनी पाण्यातून औषध दिलं. बऱ्या झाल्या. औषध थांबवलं, आठवड्यात पुन्हा वास. पुन्हा औषध, पुन्हा बऱ्या, पुन्हा वास. तिसऱ्या खेपेला चाचांनी मला शेडबाहेर बसवलं आणि समजावून सांगितलं. या रोगाचे जंतू बऱ्या झालेल्या कोंबडीच्या आत राहतात. ती खाते, पिते, अंडी देते, दिसायला ठणठणीत असते आणि शेजारणीला रोग देत असते. "सगळ्या कापाले द्या. बरी दिसते ते बी द्या. एक बी ठेऊ नका. शेड महिनाभर रिकामं ठेवा, चुना मारा. मंग नवीन आणा."

मी अकोल्याचा व्यापारी बोलावला. त्याची गाडी आली. आजारी लॉट आहे हे त्याला वासावरूनच कळलं आणि त्यानं भाव पाडला. मीही तेच केलं असतं. पण मी त्याच्या जागी नव्हतो, माझ्या जागी होतो. किलोमागे दोन रुपयांवरून आमची जुंपली. शेवटी मी म्हटलं, असं असेल तर ह्या साठ मी देत नाही, ह्या धडधाकट आहेत, तुझ्या तोंडावर फेकायला मी पाळल्या नाहीत. आणि साठ चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या निवडून बाजूला काढल्या. उरलेल्या गेल्या.

साठ कोंबड्यांसाठी शेड चालवणं परवडत नाही. खाद्य महाग. आमच्याकडे बटईची पद्धत आहे. बकरी, कोंबडी दुसऱ्याच्या दारी पाळायला द्यायची, चारा-दाणा त्याचा, उत्पन्न अर्धं-अर्धं. मी त्या साठ कोंबड्या वस्तीवर बटईनं दिल्या. घरटी एक, काही घरी दोन. अर्धी अंडी तुमची, अर्धी माझी. बाया खूश झाल्या. फार्मची पांढरी कोंबडी गावरानपेक्षा जास्त अंडी देते हे त्यांना माहीत होतं. त्या आजारातून उठल्या आहेत हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, हेही खरं. पण मी सांगितलं नाही.

चाचा तेव्हा परतवाड्याला होते. लेकीचं बाळंतपण होतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी वस्तीवर थेंब टाकले होते. मी दोन दिवसांनी कोंबड्या वाटल्या. ते असते तर मी दिल्या असत्या का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि दर वेळी उत्तर बदलतं.

आठवडा झाला नाही तोच वस्तीत तोंडं सुजू लागली. शेडमधल्या कोंबडीला निदान औषधाचं पाणी मिळतं. वस्तीवरची कोंबडी डोळे मिटले की भिंतीशी उभी राहते, खायला दिसत नाही, थंडीत कुडकुडते, छातीत घरघर लागते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पडते. एकेका घरातून दोन-दोन, तीन-तीन जाऊ लागल्या. शेवंताबाईच्या आठातल्या सहा गेल्या. ती तांबडीही गेली.

बायांनी हिशेब मांडला आणि तो त्यांच्या बाजूनं अगदी सरळ होता. ज्यांना चाचांनी थेंब टाकले त्या मेल्या. ज्यांना टाकले नाहीत त्या, म्हणजे माझ्या पांढऱ्या, उकिरड्यावर मजेत चरत होत्या. लस खराब होती. बर्फ वितळला असेल. शिळी बाटली आणली असेल. पानठेल्यावर काही पोरं त्यापुढचं बोलली, कोण आहेत, कशाला आपल्या वस्तीत येतात, असलं. मी तिथं उभा होतो. मी पान घेतलं आणि निघालो.

चाचा परत आले ते सरळ वस्तीवर, कारण त्यांना कुणीतरी फोन केला होता. मीही गेलो, न जाणं दिसून आलं असतं म्हणून. बाया जमल्या होत्या. शेवंताबाईनं मेलेली कोंबडी आणून त्यांच्या स्कूटरपुढे टाकली.

"घे. हे तुह्या थेंबाची कमाई."

चाचा खाली बसले. कोंबडीचं तोंड बोटानं दाबलं, वास घेतला. त्यांना त्या एका वासात सगळं कळलं असणार, कारण महिनाभर ते माझ्या शेडमध्ये त्याच वासात वावरले होते. त्यांनी मान वर केली. समोर कडुनिंबाखाली एक पांढरी कोंबडी माती उकरत होती. तिची चोच कापलेली होती. गावरान कोंबडीची चोच कुणी कापत नाही. ती चोच त्यांनी स्वतः कापली होती. त्यांनी कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. माझ्या कोंबड्या आजारी दिसतात का, हे पहिलं. शेड तर तुम्हीच बघत होता, हे दुसरं. तिसरं मी आता सांगत नाही, ते फारच वाईट होतं. मी नुसती त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होतो. भांडण झालं असतं, मी ओरडलो असतो, खोटं बोललो असतो, आणि शेवंताबाईसारखी बाई समोर असताना पाच मिनिटांत पकडला गेलो असतो. सुटलो असतो.

 चाचा उठले आणि बायांना एवढंच म्हणाले की पाण्याची भांडी वेगळी करा, मेलेल्या उघड्यावर टाकू नका, पुरा. कुणी ऐकलं नाही. एका गड्यानं स्कूटरवरचा थर्मास ओढून आपटला. आतली काच फुटल्याचा आवाज आला. चाचांनी स्कूटर वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या फाटकापाशी आले. आत आले नाहीत. म्हणाले, "शेठ, तुमी सांगा त्यायले."

मी विचारलं, काय सांगू?

"माह्या तोंडून नाई शोभत. मी सांगतलं तर म्हनतीन, आपलं झाकाले दुसऱ्यावर ढकलून राह्यला. तुमी सांगतलं तर खरं वाटन."

मी तेच केलं जे मला येतं. सौदा करायला लागलो. म्हटलं, मी प्रत्येक घरी दोन नव्या गावरान तलंगा, म्हणजे अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, देतो, तुमच्या हातानं वाटा, नाव तुमचं होईल. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, तीन देतो. मग म्हटलं, माझ्या दोन्ही शेडचं काम कायमचं तुम्हालाच, भाव तुम्ही ठरवा. मी आयुष्यात समोरच्याला भाव ठरवू दिला नव्हता. चाचा ऐकत राहिले. मग म्हणाले, "यात भाव नाई शेठ. फक्त सांगाचं हाये."

सांगतो, म्हटलं. आज नको, बाया तापलेल्या आहेत. दोन दिवसांनी सांगतो.

दोन दिवसांचे आठ झाले. चाचा रोज फोन करत नसत. एकदाच केला. मी म्हटलं, कामात आहे. या धंद्यात बातमी कोंबडीच्या सर्दीसारखीच पसरते. ज्याच्या हातानं वस्तीच्या कोंबड्या मेल्या त्याला आपल्या फार्मच्या फाटकाच्या आत कोण घेईल? एकेक करून सगळ्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. महिन्याभरात ते वरूडला गेल्याचं कळलं, संत्र्यांच्या पॅकिंगच्या कामाला.

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, अजूनही येतो. या माणसानं मला तोंडावर खोटारडा म्हणायला हवं होतं. न बोलता ओझं माझ्या दारात ठेवून जायचं आणि आपण मोठं व्हायचं, ही कुठली रीत? माझ्याशी आजवर जो जो भांडला त्याचं-माझं त्याच दिवशी मिटलं. ह्यांनी भांडायलाच नकार दिला.

त्या उन्हाळ्यात वस्तीवर कुणाकडूनही थेंब टाकून घ्यायला बाया तयार नव्हत्या. मानमोडी आली आणि उरलंसुरलं घेऊन गेली. माझ्या बटईच्या पांढऱ्याही त्यात गेल्या. पावसाळ्यानंतर बायांनी पुन्हा चार-चार पिल्लं आणली.

पुढच्या थंडीत मी कामानिमित्त वरूडला गेलो होतो. काम उरकल्यावर पॅकिंगचं ठिकाण विचारत गेलो. का गेलो, हे माझं मलाही नीट माहीत नाही. चाचा संत्र्यांच्या ढिगापुढे बसून प्रत लावत होते. मोठी इकडे, बारीक तिकडे, डागी मागे. मला पाहून उठले, हात पुसले. चहा मागवला. लेकीच्या मुलाचं सांगितलं. मी अंड्यांच्या भावाचं सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, "सांगतलं का शेठ, बायायले?"

मी म्हटलं, सांगितलं.

 त्यांनी विचारलं, शेवंताबाई काय म्हणाली? इथं मी थांबायला हवं होतं. पण खोट्याला एकदा गिऱ्हाईक मिळालं की ते वाढत जातं. मी म्हटलं, रडली. म्हणाली, माझ्या तोंडून वाईट गेलं. म्हणाली, नवीन पिल्लं आणली आहेत, थेंब टाकायला चाचा असते तर. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी चहा अर्धा टाकून उठलो.

वीस-पंचवीस दिवसांनी, एका सकाळी, ते एसटीनं आले. हातात नवा थर्मास, खांद्यावर संत्र्यांची पेटी. मी फाटकातून पाहिलं. निळा शर्ट, इस्त्रीचा. ते माझ्याकडे आले नाहीत. वस्तीवर जायचं होतं ना, मग शेडकडे कसे येतील.

मी मागे जाऊन आडोशाला उभा राहिलो. शेवंताबाई ओट्यावर गहू निवडत होती. त्यांनी पेटी ओट्यावर ठेवली आणि हसत काहीतरी बोलले.  तिनं सूप उचललं, ती आत गेली आणि दार लावून घेतलं. शेजारच्या घरी त्यांनी हाक दिली, तिथून कुणीतरी म्हणालं, आमच्या इथं कोंबड्या नाईत. खुराड्यात पिल्लं ओरडत होती. तिसऱ्या घरी ते गेलेच नाहीत. कडुनिंबाखाली जरा वेळ उभे राहिले. तेव्हा त्यांना कळलं असणार की मी वरूडला काय करून आलो. मग ते रस्त्याकडे चालू लागले. माझ्या फाटकावरून गेले. मी हाक मारली नाही, त्यांनी मान वळवली नाही. एसटीला अजून तासभर होता. ते उन्हात उभे राहिले.

पेटी ओट्यावर राहिली. शेवंताबाईनं ती आत घेतली नाही, कुणाला दिली नाही. कुणाच्याही लेकरानं हात लावला नाही, घरच्यांनी बजावलं असणार. तिसऱ्या दिवशी मी त्यांना फोन लावला. बंद होता. वरूडला गेलो. हंगाम उतरला होता, पॅकिंगच्या टपरीला कुलूप होतं, आत फाटका कागद आणि खोक्यांच्या फळ्या. बाजूच्या रखवालदारानं सांगितलं की मजूर आपापल्या वाटेनं गेले, चाचा कुठं गेले ते माहीत नाही. परतवाड्याच्या लेकीचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.

परत आलो तो सरळ शेवंताबाईच्या ओट्याकडे गेलो. उभ्यानंच सांगितलं. कोंबड्या माझ्या होत्या, आजारातून उठलेल्या होत्या, मला माहीत होतं, चाचांनी बजावलं होतं. वरूडला काय बोललो तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्यांची मला सवय आहे.

ती पेटीपाशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आता हे संत्रे मी काय करू?"



तिनं पेटीची फळी उचकटली. खालचे दोन थर बसले होते, पाणी सुटलं होतं. वरून एक संत्रं घेतलं, सोललं, सगळ्या फोडी माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि म्हणाली, "खा."

मी खाल्लं. शेवटची फोड संपेपर्यंत ती तिथंच उभी होती.